'सगळ्यात कमी स्टील देईल ती पद्धत घ्या' म्हणे!

'सॉफ्टवेअरमध्ये आरसीसी कॉलम डिझाइन: अनुभवी लोकांच्या युक्त्या' असा एक मेसेज बरेच दिवस फिरतोय. दोन ग्रुपांवर दिसला तेव्हा सोडून दिला. काल तो माझ्या भाचीने पाठवला आणि खाली विचारलं, "मामा, हे असंच करतात का?" ती नुकतीच डिझाइनच्या कामाला लागली आहे. नाही, असं करत नाहीत. आणि 'अनुभवी' म्हणवणाऱ्यांनी हे लिहावं याचा खरंच संताप येतो.

कॉलमची क्षमता तपासण्याच्या पद्धतींबद्दलचं त्यातलं सगळ्यात भयंकर वाक्य: "सर्व पद्धती रन करा, ज्यात स्टील कमी येईल ती फायनल करा."

दोन्ही दिशांनी मोमेंट (वाकवणारा जोर) असलेला एक कॉलम घ्या. एका दिशेचा मोमेंट त्या दिशेच्या क्षमतेच्या ०.६ पट, दुसऱ्या दिशेचा ०.५ पट. आयएस ४५६ या काँक्रीटच्या भारतीय कोडमध्ये या दोन्ही गुणोत्तरांचा ठरावीक घात करून बेरीज १ च्या आत बसते का ते बघतात. घातांक २ धरला तर ०.३६ अधिक ०.२५, म्हणजे ०.६१. कॉलम आरामात पास. घातांक १ धरला तर १.१, नापास. कॉलम तोच, सळया त्याच, भारही तोच. मग घातांक कोणता धरायचा? ते आपल्या मर्जीवर सोडलेलंच नाही. ॲक्सियल लोड (कॉलमवरचा उभा दाब) हा कॉलमच्या शुद्ध ॲक्सियल क्षमतेच्या (मोमेंट नसताना पेलेल त्या दाबाच्या) ०.२ पट किंवा कमी असेल तर १, ०.८ पट किंवा जास्त असेल तर २, मधल्या टप्प्यात सरळ रेषेने. वरच्या मजल्यावरच्या हलक्या भाराच्या कॉलमला २ लावून स्टील 'वाचवणं' म्हणजे उत्तर आधी लिहून मग त्याला जुळेल असं गणित मांडणं.

"ब्रेसलरची पद्धत कालबाह्य, फायबर मॉडेलच अचूक." यातलं अर्धं नाइलाजाने मान्य. एल किंवा टी आकाराचा कॉलम असेल, सळया असमान असतील, तर फायबर मॉडेलने, म्हणजे छेदाचे बारीक तुकडे करून स्ट्रेनवरून (प्रत्येक तुकडा किती ताणला-दाबला जातो त्यावरून) क्षमता काढणंच योग्य. तिथे तयार चार्ट उपयोगाचे नाहीत. पण कालबाह्य? बोरिस ब्रेसलर यांनी दोन्ही दिशांच्या मोमेंटसाठी १९६० साली मांडलेलं व्यस्त भाराचं सूत्र चाचण्यांशी ताडलं तेव्हा सरासरी फरक ३.३ टक्के निघाला होता. फायबरच्या उत्तरावर शंका आली तर कागदावर दोन मिनिटांत पडताळा घेता येतो. एका दिशेच्या विकेंद्रतेने (भार मध्यापासून बाजूला असल्याने) क्षमता १२०० किलोन्यूटन, दुसऱ्या दिशेने १०००, शुद्ध ॲक्सियल २०००. तर १/१२०० अधिक १/१००० उणे १/२०००, त्याचा व्यस्त, म्हणजे दोन्ही मिळून ७५०. सॉफ्टवेअर ११०० म्हणत असेल तर इनपुट उघडून बघा. फक्त ॲक्सियल लोड अगदी कमी असेल तिथे हे सूत्र वापरू नये, आणि ही अट मेसेजमध्ये अर्थातच नाही.

"जास्तीत जास्त ॲक्सियल लोडचं एकच कॉम्बिनेशन तपासा, वेळ वाचतो." वेळ वाचतो, कॉलम वाचेलच असं नाही. इंटरॲक्शन कर्व्हच्या (किती दाबाला किती मोमेंट पेलतो त्या आलेखाच्या) खालच्या भागात, बॅलन्स्ड पॉइंटपर्यंत (जिथे काँक्रीट आणि सळया एकदमच हार मानतात), दाब वाढला की मोमेंटची क्षमता वाढते. म्हणजे दाब कमी झाला की ती घटते. वारा किंवा भूकंप पूर्ण आणि डेड लोड (इमारतीचं स्वतःचं वजन) कमी करून धरलेलं भारांचं कॉम्बिनेशन याचसाठी असतं. कितीतरी कॉलम तिथेच अडकतात.

"ज्या पद्धतीत रेशो कमी, ती पद्धत चांगली." रेशो म्हणजे क्षमतेचा किती भाग वापरला गेला तो आकडा. काही पॅकेजं (सॉफ्टवेअर) भार आणि मोमेंट एकाच प्रमाणात वाढवून कर्व्ह कुठे लागतो ते बघतात, काही ठिकाणी भार तोच ठेवून फक्त मोमेंटची तुलना होते. कॉलम पास की नापास यावर दोघांचं एकमत होतं, पण आतल्या बिंदूला एक ०.७ म्हणेल, दुसरं ०.८५. दोन्ही बरोबर. या दोन आकड्यांची आपसात तुलना करायची नसते, इतकंच.

शेवटी, "स्लेंडरनेस सॉफ्टवेअर आपोआप बघतं." स्लेंडरनेस म्हणजे कॉलमचा सडपातळपणा. बघतं, पण तुम्ही दिलेल्या प्रभावी लांबीवर (टोकं कशी जखडली आहेत त्यावरून धरायची लांबी). ३०० मिलिमीटरचा कॉलम, प्रभावी लांबी ४.५ मीटर, भार १५०० किलोन्यूटन. लांबी भागिले जाडी हे गुणोत्तर १५, म्हणजे १२ च्या पलीकडे, कॉलम सडपातळ. आयएस ४५६ प्रमाणे सवलतीचा गुणक लावण्याआधी सुमारे ५० किलोन्यूटन-मीटर जादा मोमेंट येतो. फायबर मॉडेल कितीही अचूक असलं तरी ते छेदाचं आहे. हा मोमेंट त्याला कुणीतरी द्यावा लागतो. 'पी-डेल्टा (कॉलम सरकल्या-वाकल्यावर भारामुळे वाढणाऱ्या मोमेंटचं गणित) चालू केलाय' हे उत्तरही पुरत नाही. बहुतेक वेळा त्यात मजला सरकल्याचा परिणाम येतो, कॉलम मधोमध वाकल्याचा नाही. त्यासाठी कॉलमचे मॉडेलमध्ये तुकडे करावे लागतात, नाहीतर कोडचा जादा मोमेंट वेगळा धरावा लागतो. दोन्ही राहून गेलं तर त्या ५० किलोन्यूटन-मीटरसाठी कॉलममध्ये स्टीलच पडलेलं नसतं, आणि स्क्रीनवर मात्र सगळं हिरवं.