‘काळा होता म्हणून जिंकला’: ओबामांच्या विजयाचं फसवं गणित

अमेरिकेत अध्यक्षपदाची निवडणूक लागली की आमच्या नात्यातल्या ग्रुपवर एक जुना मजकूर नव्याने उगवतो. परवा मामांनी तो पुन्हा पाठवला. सारांश असा: ‘2008 मध्ये ओबामा जिंकला तो काळा होता म्हणून. काळ्यांनी डोळे मिटून आपल्या माणसाला मत दिलं, गोऱ्यांनी पापक्षालन म्हणून दिलं. गोरा असता तर त्याला कुणी विचारलंही नसतं. आणि त्या दिवशी अमेरिकेतला वर्णभेद संपला.’ खाली सोळा अंगठे.

मामा, रागावू नका, पण पहिलं आणि शेवटचं वाक्य एकाच माणसाने लिहिलंय का? रंगामुळे जिंकला, आणि रंगाचं महत्त्व संपलं? दोन्ही एकदम कसं जमायचं?

हा शोध व्हॉट्सॲपचाही नाही. मार्च 2008 मध्ये जेराल्डिन फेरारो हेच म्हणाल्या होत्या: ओबामा गोरे असते तर इथवर पोचलेच नसते. फेरारो म्हणजे 1984 च्या उपाध्यक्षपदाच्या उमेदवार, आणि तेव्हा डेमोक्रॅटिक उमेदवारीसाठी ओबामांशी लढणाऱ्या हिलरी क्लिंटन यांच्या प्रचारात होत्या. गदारोळ झाला, त्यांनी तिथलं पद सोडलं. वाक्य मात्र राहिलं.

आधी ‘डोळे मिटून’ घेऊ. 2000 साली ओबामा शिकागोच्या दक्षिण भागातून प्रतिनिधीगृहाच्या उमेदवारीसाठी उभे राहिले. मतदारसंघ बहुसंख्य कृष्णवर्णीय. समोर बॉबी रश, तेही कृष्णवर्णीय. ओबामांना 30 टक्के, रशना 61. हा हार्वर्डचा पोरगा आपल्यातला नव्हेच, अशीच कुजबुज होती. 2004 मध्ये साउथ कॅरोलायनाच्या डेमोक्रॅटिक प्राथमिक निवडणुकीत (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या फेरीत) जवळजवळ निम्मे मतदार कृष्णवर्णीय होते. तिथे कृष्णवर्णीय नेते अल शार्प्टन तिसरे आले, दहाएक टक्क्यांवर. रंग बघून शिक्का मारायचा असता तर तिथेच मारला असता.

आपल्या माणसाचंच उदाहरण घ्या. श्री ठाणेदार, बेळगावकडचे, मराठी. 2022 मध्ये डेट्रॉइटमधून डेमोक्रॅट म्हणून प्रतिनिधीगृहावर निवडून गेले. प्राथमिक फेरीत कृष्णवर्णीय उमेदवारांची मतं फुटली म्हणून ते निसटले, हे खरंच. पण नोव्हेंबरात समोर कृष्णवर्णीय रिपब्लिकन होता, तरी सत्तर टक्क्यांहून जास्त मतं ठाणेदारांना पडली. तिथल्या कृष्णवर्णीय मतदाराने पक्ष बघितला.

2008 मध्येही तेच आहे. ओबामांना कृष्णवर्णीयांची 95 टक्के मतं, हा आकडा तोंडावर फेकला जातो. त्याच्या आधी, 2000 मध्ये डेमोक्रॅट उमेदवार अल गोर यांना 90 आणि 2004 मध्ये जॉन केरी यांना 88 टक्के होती, हे कुणी सांगत नाही. दोघेही गोरे. वाढ झाली हे मान्य, आणि ती नुसती टक्क्यात नाही: एकूण मतदारांत कृष्णवर्णीयांचा वाटा 11 वरून 13 टक्क्यांवर गेला. अभिमानाने लोक रांगेत उभे राहिले, त्यात लपवण्यासारखं काय? पण हिशेब करा. केरी सुमारे अडीच टक्क्यांनी हरले, ओबामा सात टक्क्यांनी जिंकले; म्हणजे पारडं साडेनऊ टक्के फिरलं. मतदानोत्तर चाचण्यांचे आकडे धरले तर कृष्णवर्णीय मतांनी त्यातले साडेतीनच्या आतबाहेर दिले. तिसरा हिस्सा. उरलेलं कुठून आलं?

पापक्षालनातून, असं मजकूर म्हणतो. तर गोऱ्यांकडे वळू. ओबामांना गोऱ्यांची 43 टक्के मतं मिळाली, रिपब्लिकन उमेदवार जॉन मॅकेन यांना 55. म्हणजे फक्त गोऱ्यांनी मतदान केलं असतं तर मॅकेन दणक्यात जिंकले असते. (1964 च्या लिंडन जॉन्सन यांच्यानंतर एकाही डेमोक्रॅट उमेदवाराला गोऱ्यांची बहुसंख्य मतं मिळालेली नाहीत, हे लक्षात ठेवा.) गोर 42, केरी 41, ओबामा 43. चाळीस वर्षांच्या जुन्या पट्ट्यातलाच आकडा. बरं, वर्णभेदाचं सर्वांत मोठं पाप जिथे साचलंय त्या अलाबामात काय झालं? केरी यांना तिथल्या गोऱ्यांची 19 टक्के मतं होती, ओबामांना 10. लुइझियानात 24 वरून 14. मंदीच्या वर्षात, बुश यांच्यावर देश वैतागलेला असताना, डेमोक्रॅट उमेदवाराची तिथली गोरी मतं जवळपास निम्म्यावर यावीत! पापक्षालनाची ही तऱ्हा अजबच म्हणायची.

आयोवात मात्र वेगळं घडलं. 3 जानेवारी 2008 ची थंडीची रात्र, डेमोक्रॅटिक उमेदवारीची पहिली फेरी. नव्वद टक्क्यांहून जास्त गोरं राज्य, शेतकऱ्यांचं. तिथे डेमोक्रॅटांकडे तेव्हा मतपेटी नसायची. शाळेच्या हॉलमध्ये जमायचं, आपल्या उमेदवाराच्या कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं, आणि डोकी मोजायची. शेजारी, दुकानदार, मुलाची बाई, सगळे बघतायत. ज्याच्या कोपऱ्यात पंधरा टक्केही नाहीत तो गट मोडायचा, मग इतर कोपऱ्यांतून हाका सुरू: इकडे या, इकडे या. त्या रात्री ओबामांना 38 टक्के, एडवर्ड्स यांना 30, हिलरींना 29. शेजाऱ्यांच्या भिडेने उभे राहिले म्हणाल, तर नोव्हेंबरात पडद्याआड मत देतानाही आयोवाने ओबामांनाच निवडलं. उलट कृष्णवर्णीयांपैकी अनेकजण तोवर हिलरींकडे होते. गोरे याला मत देणारच नाहीत, मग आपलं मत कशाला वाया घालवा, असा त्यांचा रोकडा हिशेब. आयोवा झाल्यावर तो बदलला.

बाकी कारणं वेगळी सांगायला नकोत. इराक युद्धाविरुद्ध ओबामा 2002 मध्येच बोलले होते. 15 सप्टेंबर 2008 ला लीमन ब्रदर्स ही बडी बँक बुडाली, आणि त्याच दिवशी मॅकेन म्हणाले की अर्थव्यवस्थेचा पाया भक्कम आहे. पैशाचं म्हणाल तर सरकारी निधीचे 8.4 कोटी डॉलर घेऊन मॅकेन बांधले गेले. ओबामांनी तो निधी नाकारला आणि लोकांकडून कितीतरी पट जमवला.

‘गोरा असता तर’ या वाक्याला सरळ उत्तर नाही, कारण तो गोरा ओबामा कुणी पाहिलाय? पण काळा असण्याची किंमत दिसते. मे 2007 मध्ये, पहिलं मत पडायच्या आठ महिने आधी, त्यांना सीक्रेट सर्व्हिसचं संरक्षण द्यावं लागलं. तोवर कुठल्याही उमेदवाराला इतक्या लवकर दिलेलं नव्हतं. पुढे त्यांच्या चर्चच्या पाद्र्याची, जेरेमाया राइट यांची, भडक प्रवचनं टीव्हीवर फिरली आणि 18 मार्च 2008 ला फिलाडेल्फियात उभं राहून ओबामांना सदतीस मिनिटं अख्ख्या देशाला वर्णाचा इतिहास समजावून सांगावा लागला. रस्त्यात काळा माणूस शेजारून गेला की भीती वाटते असं कबूल करणारी आपली गोरी आजीही त्यांनी त्यात आणली.

आणि वर्णभेद संपला म्हणे! ऑक्टोबरात मिनेसोटातल्या लेकव्हिलला मॅकेन यांच्या सभेत एक बाई माइक हातात घेऊन म्हणाली, माझा ओबामांवर विश्वास नाही, ते अरब आहेत. मॅकेन यांनी मान हलवत माइक काढून घेतला: नाही बाईसाहेब, ते सभ्य, कुटुंबवत्सल माणूस आहेत, नागरिक आहेत. त्याआधी ओबामांना घाबरायचं कारण नाही असं सांगितल्यावर त्यांच्याच सभेने त्यांची हुर्यो उडवली होती. मॅकेन यांचं कौतुक झालं ते योग्यच. पण ‘अरब’ला उत्तर ‘सभ्य’ कसं, हा प्रश्न फार थोड्यांना पडला.

ओबामा अमेरिकेत जन्मलेच नाहीत, हा संशय निवडून आल्यावरही मिटला नाही. 27 एप्रिल 2011 ला, पदावरच्या राष्ट्राध्यक्षाला हवाईतला आपला सविस्तर जन्मदाखला जाहीर करावा लागला. अमेरिकेच्या पन्नास राज्यांपैकी एकातही न जन्मलेला उमेदवार 2008 मध्ये खरोखरच होता. मॅकेन. जन्म 1936, पनामा कालव्याच्या पट्ट्यात, वडील नौदलात. त्यांच्यासाठी सिनेटने एप्रिल 2008 मध्ये एकमताने ठराव केला की हे जन्माने अमेरिकनच आहेत. त्या ठरावाच्या सहप्रस्तावकांत बराक ओबामा यांचं नाव आहे.