पन्ना सहलीबद्दल तुम्ही दिलेल्या दोन ताऱ्यांना उत्तर

नमस्कार ताई,

डिसेंबरातल्या आमच्या मध्य प्रदेशातल्या खजुराहो-पन्ना सहलीबद्दल तुम्ही लिहिलंत: 'हिऱ्यांच्या खाणी म्हणून चिखलाचे खड्डे दाखवले, हिरा एकही दिसला नाही, स्वतःच्या पैशांनी खडा घ्यायला गेले तर गाइडने अडवलं, फोटो काढू दिले नाहीत, जेवण साडेतीनला आणि बायकांसाठी शौचालयाची सोय नाही.'

शेवटच्या दोन तक्रारींवर मला काहीच बाजू मांडायची नाही. खाणींच्या त्या माळावर शौचालय नाही हे मला माहीत होतं. पन्ना शहरातून निघण्याआधी हॉटेलवर थांबायचं ठरलं होतं, पण आमच्या माणसाने उशीर भरून काढायला तो थांबा गाळला. तुमच्याबरोबर सत्तरीच्या पुढच्या दोन आजी होत्या. त्यांची मी फोनवर माफी मागितली आहे, इथे सर्वांसमोर पुन्हा मागतो.

आता खाणीबद्दल. मी गोव्यातल्या डिचोलीचा. आपल्याकडे डिचोली, सत्तरी, सांगे या भागांत खाण म्हटलं की लोहखनिजाची, आणि डोळ्यांसमोर येतो तो पायऱ्यापायऱ्यांनी कापलेला डोंगर, शॉवेल, टिपरची रांग, मांडवीतले खनिज वाहणारे बार्ज आणि पावसात शेतात उतरणारा तांबडा गाळ. पत्रकावर 'हिऱ्यांच्या खाणी' एवढंच छापताना गोव्याचा माणूस ते शब्द कसे वाचेल, हा विचार मी करायला हवा होता. तो केला नाही, ही माझी चूक. तुमच्या मनात होती तशी यंत्रांची खाण तिथे आहे. ती एनएमडीसी या सरकारी कंपनीची मझगवांची खाण, पण ती गंगऊ अभयारण्याच्या हद्दीत येते आणि तिथे वाटेल तेव्हा पर्यटकांना नेता येत नाही. आमच्या कार्यक्रमात ती नव्हतीच, पण 'नाही' असंही पत्रकात कुठे लिहिलेलं नव्हतं.

तुम्ही पाहिलेले ते खड्डे मात्र खऱ्या खाणीच आहेत. सरकारचं हिरा कार्यालय खणायला ८ मीटर बाय ८ मीटरचा जमिनीचा तुकडा, म्हणजे पट्टा, देतं, आणि तो साध्या मजुरालाही मिळू शकतो. वरची माती उपसत उपसत खाली खडी लागते, तिला तिथे 'चाल' म्हणतात. ती चाल पाण्याच्या खड्ड्यात टाकून पायांनी तुडवून धुतात, चोपलेल्या जमिनीवर वाळवतात आणि मग ओणवं बसून हातांनी एकेक खडा चाळवत निवडतात. तुम्ही तिथे उभ्या होतात तेव्हा चार माणसं हेच करत होती. तुम्ही तिथे जेमतेम पाऊण तास होतात, आणि त्यांच्यातल्या एकाचं त्याच पट्ट्यात आठ महिने खणून झालं होतं, हाती काही आलं नव्हतं. २०१८ साली मोतीलाल प्रजापती या मजुराला पन्नात ४२.५९ कॅरटचा हिरा मिळाला. त्याहून मोठा, ४४.५५ कॅरटचा, सापडला होता १९६१ साली. मधली सत्तावन्न वर्षं किती जण खणत राहिले असतील! पाऊण तासात हिरा दिसेल असं कोणी सांगितलं तर ते खोटं, आणि आमच्या लोकांनी तसं कधी सांगू नये यावर माझं बारीक लक्ष असतं.

खडा घेऊ दिला नाही, यात गाइडचा दोष नाही. मी तुमच्या गाडीत असतो तर मीही अडवलं असतं. सापडलेला कच्चा हिरा पट्टेदाराला हिरा कार्यालयात जमा करावा लागतो. तिथे त्याचं वजन होतं, मग लिलाव, आणि रॉयल्टी व कर कापून उरलेले पैसे पट्टेदाराला मिळतात. कोणी कडेला बोलावून खिशातून काढून दाखवतो तो खडा एकतर चोरीचा असतो, नाहीतर काच किंवा साधं गारगोट असतं. पहिल्यात तुम्ही गुन्ह्यात अडकता आणि ज्याने तो खणून काढला त्याचा लिलावातला भाव बुडतो. दुसऱ्यात तुमचे पैसे जातात. मात्र हे त्या माणसासमोर हात धरून नव्हे, सकाळी गाडीतच सांगायला हवं होतं. तुम्हाला चारचौघांत ओशाळं वाटलं असेल, ते मला समजतं.

फोटोंचा नियम माझा आहे आणि तो बदलणार नाही. २०१२ साली आपल्या खाणी बंद पडल्या तेव्हा खनिज वाहणारे आमचे दोन ट्रक अंगणात उभे राहिले, कर्जाचे हप्ते चालू होते. बाहेरची माणसं यायची, न विचारता वडिलांचे आणि त्या ट्रकांचे फोटो काढून निघून जायची. वडील आत जाऊन बसायचे. म्हणून चिखलात गुडघाभर उभ्या माणसाला आधी विचारायचं, तो हो म्हणाला तर काढायचा. त्या दिवशी दोघे नाही म्हणाले होते.

पत्रक बदललं आहे. आता 'हाताने खणलेले उथळ पट्टे, हिरा दिसण्याची शक्यता जवळजवळ नाही, माळावर शौचालय नाही' असं पहिल्याच पानावर आहे. जेवण आता पन्नाला पोचल्यावर, पट्ट्यांवर जाण्याआधी. त्या एका दिवसाचे पैसे तुमच्या गटातल्या सहाही जणांना परत करतो आहे. बुकिंगच्या नंबरवर खात्याचा तपशील पाठवा, दोन्ही आजींचा वेगळा पाठवलात तरी चालेल.