नव्वद पैशांचा भाव आणि चाळीतला कांदा

परवा आमच्या नाशिकच्या कट्ट्यावर भांडण पेटलं ते बंड्यामुळे. "मी मॅचवर हजार लावले की सट्टा, आणि ह्याच्या वडलांनी शेतावरच्या कांदाचाळीत कांदा साठवून ठेवला की शेती! दोन्ही जुगारच की रे." 'ह्याच्या' म्हणजे निफाडच्या पाटलाच्या. पाटलाने चहाचा ग्लास खाली ठेवला.

पैशांच्या ऑनलाइन खेळांवर ऑगस्ट 2025मध्ये बंदीचा कायदा झाला, तरी सट्टा लावायची 'आयडी' कुठे मिळते हे बंड्याला तोंडपाठ. "हायवेला बिनहेल्मेटचं जाणं रिस्क नाही का?" म्हणाला. (हेल्मेट तो स्वतःही घालत नाही.)

मास्तर गणिताचे. त्यांनी पेपरच्या कडेला आकडेमोड सुरू केली.

"टॉसला भाव काय?"

"नव्वद-नव्वद."

"म्हणजे हजार लावले की जिंकल्यावर नऊशे मिळणार, हरल्यावर हजार जाणार. शंभर टॉस खेळ. पन्नास आले, पन्नास गेले. मिळाले पंचेचाळीस हजार, गेले पन्नास हजार. नशीब ना चांगलं ना वाईट, तरी पाच हजारांचा खड्डा. 53 बरोबर आले तर सातशे रुपये सुटतात. 52 आले तर बाराशे घरचे जातात."

"मी टॉस नाही खेळत, मॅच खेळतो. मला क्रिकेट कळतं."

"भाव काढणाऱ्याला तुझ्याहून जास्त कळतं. आणि नाही कळलं तरी ते दहा पैसे त्याचेच."

पाटलाला जोर चढला. "आमच्या कांद्यात असं आधीच कुणी कापून ठेवत नाही!"

"हमाली, तोलाई?" शेठ खुसखुसला. "आणि डिसेंबर 2023मध्ये निर्यातबंदी आली तेव्हा तुझा भाव कुणी पाडला?"

पाटील क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "पाडला, मान्य. पण चाळीत माल भरला म्हणजे आम्ही हातावर हात ठेवून बसत नाही. सडका निवडून काढतो, थोडा विकतो, थोडा ठेवतो. बंड्या, पैसे लावल्यावर तू काय करतोस? टीव्हीवर ओरडतोस."

मला हे एकदम पटलं. पैसे अडकल्यावरही हातात काही उरतं का, हाच खरा फरक. पण शेठ जुन्या क्रिकेटचा किडा. त्याने 1981ची हेडिंग्ले कसोटी काढली. इंग्लंडवर फॉलोऑन, जिंकण्याचा भाव एकास पाचशे. ऑस्ट्रेलियाच्या डेनिस लिलीने इंग्लंडवर दहा पौंड लावले, रॉड मार्शने पाच. स्वतःच्याच टीमविरुद्ध! तेव्हा ते चालत होतं. मग बोथमने नाबाद 149 ठोकले, विलिसने 43 धावांत 8 बळी घेतले आणि इंग्लंड 18 धावांनी जिंकलं. दोघांचे मिळून साडेसात हजार पौंड.

"आता बोल," शेठ म्हणाला. "पैसे लावल्यावर लिलीच्या हातात बॉल होता, बॅट होती. म्हणजे तो जुगार नव्हता?"

"त्याने बॅटिंग कशी केली ते सांग ना," मास्तर म्हणाले. शेवटच्या डावात ऑस्ट्रेलियाचे 75वर 8 गेले होते. तिथून लिली आणि ब्राइटने 35 जोडले. स्वतःच्या पाच हजार पौंडांच्या विरुद्ध लिलीने 17 काढले.

"येडाच होता," बंड्या म्हणाला.

"दहा पौंडच लावले होते म्हणून खेळू शकला," मास्तर म्हणाले. "घर लावलं असतं तर?" बंड्या चपलेने खडा उकरत बसला. गेल्या सीझनला त्याने कुणाकडून किती घेतले ते आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे, त्याच्या घरी सोडून.

एवढ्यात पाटलाचा फोन वाजला. वडील होते. व्यापारी दारात आलाय, चाळीतला उरलेला माल देऊ की दिवाळीपर्यंत थांबू?

"थांबा म्हण," बंड्या लगेच म्हणाला. "वर जाणार."

पाटलाने फोनवर हात ठेवला. "निम्मा देऊ का, मास्तर?"

मास्तरांनी पेपर उलटा केला आणि विचारलं, "सडका किती निघतोय?"