आईचा मेटाडेटा

दिवाळीत आईने आत्याच्या साठीशांतीचा फोटो मागितला. हार्ड डिस्कवर अकरा हजार फोटो, आणि 'फायनल' नावाच्या फोल्डरात 'फायनल नवीन' नावाचं पोटफोल्डर. आमचा कॅमेरा ९९९९ झाले की पुन्हा एकपासून मोजतो, त्यामुळे 'डीएससी_०४१२' नावाचे फोटो घरात तीन: एकात सिंहगडावरची पिठलं-भाकरी, एकात भाचीचं बारसं, एकात कुणाचा तरी अंगठा.

मला पायथॉन, म्हणजे संगणकाला कामं सांगायची भाषा, येतं असा घरात समज आहे. कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोच्या पोटात एक्झिफ म्हणून माहिती असते, म्हणजे फोटोचा मेटाडेटा. कधी काढला, कोणत्या कॅमेऱ्याने. ती वाचायची आणि नाव बदलायचं, अशी एक स्क्रिप्ट, म्हणजे छोटा प्रोग्रॅम, लिहिला. आधी साल, मग महिना, मग दिवस, म्हणजे फोटो आपोआप ओळीत लागतात.

पहिल्याच फोटोला गाडी अडली. एक्झिफ तारीख लिहितं २०१४:०९:०२, आणि विंडोजला फाइलच्या नावात कोलन चालत नाही. कोलनच्या जागी डॅश आले. मग एकाच सेकंदाला काढलेले दोन फोटो एकाच नावावर हक्क सांगू लागले. त्यांना शेपटीला आकडे लावले.

रात्री आईपुढे लॅपटॉप ठेवला. तिने चष्मा लावला.

"ही पोर २०११ची. हिचं बारसं १ जानेवारी २०००ला?"

जुन्या कॅमेऱ्याचे सेल काढले की त्याची तारीख मागे जायची आणि पुन्हा लावायचा कंटाळा आम्हा सगळ्यांना सारखाच.

"आणि हे? मुंज, काकांचं तेरावं, कोल्हापूरचं लग्न, सगळं एकाच मार्चात, एकाच दिवशी?"

ते मोबाइलवर फॉरवर्ड होऊन आलेले. वाटेत एक्झिफ गळून पडतं, म्हणून स्क्रिप्टने फाइलची तारीख घेतली, म्हणजे मी डिस्कवर कॉपी केलं तो दिवस.

"हॉल तरी एकच घेतला होता ना?"

मग तीच पुढे सरकली. "आत्याच्या अंगावर मोरपंखी साडी आहे, म्हणजे नंदूच्या लग्नानंतरचा. मागे लाल फ्रिज दिसतोय, म्हणजे नवा यायच्या आधीचा. २०१२, श्रावण."

एका मिनिटात. माझी रविवारची अख्खी दुपार गेली होती.

खात्रीसाठी आत्यालाच फोन लावला. ती म्हणाली, "तारखेने विचारतोस की तिथीने?"