‘दोन शेड मिसळून फसवलं’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

नव्या फरशीत खिडकीजवळच्या ओळी वेगळ्या दिसतात आणि रोज डोळ्यांत खुपतात, हे वाचून वाईट वाटलं. तुम्हाला झालेल्या मनस्तापाबद्दल दिलगीर आहोत. पण एक स्टार देऊन तुम्ही लिहिलंय, की उरलेला माल म्हणून आम्ही दोन शेड (रंगछटा) मिसळल्या, पेट्या कमी दिल्या आणि बसवलेल्या फरशीचे पैसे परत करत नाही. ‘फसवणूक’ हा शब्दही वापरलाय. बांधकामांतून उरलेली फरशी विकणाऱ्या या यार्डावर आमचं पोट आहे, त्यामुळे गप्प बसता येत नाही.

तुम्ही नेलेल्या ११ पेट्या गंगापूर रोडच्या एकाच इमारतीच्या कामातून उरलेल्या, एकाच बॅचच्या, म्हणजे कारखान्यात एकाच खेपेत बनलेल्या होत्या. शेड आणि बॅच नंबर पेटीवर छापलेला असतो. तो बिलावर उतरवल्याशिवाय आम्ही माल टेम्पोत चढवत नाही. तुमच्या बिलावरही तो आहे, कृपया बघा. खिडकीजवळच्या ३ पेट्या तुम्ही नंतर शोरूममधून आणल्या. कंपनी तीच, डिझाइन तेच, तरी बॅच बदलली की रंग थोडा सरकतोच, कारण मातीचा लॉट आणि भट्टीचं तापमान दर वेळी तंतोतंत सारखं नसतं. मापातही किंचित फरक येतो, त्यामुळे तिथे सांध्याची रेषसुद्धा जुळत नसेल.

आता कमी पेट्यांचं. २ बाय २ च्या पेटीत ४ नग, म्हणजे साधारण १५.५ चौरस फूट. तुमची खोली १२ बाय १४, म्हणजे १६८ चौरस फूट. नुसता भागाकार केला तर ११ पेट्या येतात, आणि तुमच्या मिस्त्रींनी तेवढाच केला. स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या पायथ्याला लागणारी फरशीची पट्टी, धरलंच नाही. दार सोडून ४९ फूट भिंत, ४ इंचाची पट्टी. एका फरशीतून ब्लेडची जाडी वजा जाता ५ पूर्ण पट्ट्या निघतात, म्हणजे ५ फरश्या स्कर्टिंगलाच गेल्या. त्यावर कटिंग आणि तूटफूट मिळून ८ टक्के. हिशेब १४ पेट्यांचा होतो. आमच्या माणसाने तो कागदावर मांडून दाखवला, न उघडलेल्या पेट्या १५ दिवसांत पूर्ण पैशांत परत घेऊ हेही सांगितलं. तेव्हा ‘तुम्हाला माल खपवायचाय’ असं उत्तर मिळालं. ते फार लागलं, ताई.

शोरूम कंपनीकडून पुन्हा मागवू शकतं, आम्ही नाही. बिल्डरला ताबा द्यायचा असतो, उरलेल्या वीस-तीस पेट्यांसाठी कुणी गोदाम अडवत नाही. आम्ही त्या घेतल्या नाहीत तर अनेकदा राडारोड्याच्या डंपरमध्ये जातात. म्हणून नवी, पेटीबंद फरशी आम्ही साधारण निम्म्या भावात देऊ शकतो, पण तो लॉट संपला की संपला. तुम्ही परत आलात तोवर उरलेल्या पेट्या विकल्या गेल्या होत्या.

बसवलेली फरशी परत का घेत नाही? उचलताना कडा तुटतात, मागे सिमेंट घट्ट बसलेलं असतं. ती पुन्हा विकता येत नाही, तिचाही राडारोडाच होतो. तो कमी व्हावा म्हणून तर हा धंदा मांडला.

एक उपाय आहे. जिथे शेड बदलते त्या सांध्यावरची एकच ओळ काढून ३ इंचाची काळ्या ग्रॅनाइटची पट्टी घाला आणि उरलेल्या जागेत खिडकीकडच्याच फरशीचे तुकडे कापून बसवा. मग पलीकडचा भाग बॉर्डरसारखा दिसेल. पट्टी आमच्याकडच्या उरलेल्या कटपीसमधून विनामूल्य देऊ, मजुरी तुमची. ‘हा लॉट पुन्हा मिळणार नाही’ असं बिलावर ठळक छापून घेण्याचंही बघतो आहोत.

रिव्ह्यू काढा असं म्हणणार नाही. फक्त त्या ३ पेट्या कुठून आणल्या, तेवढं त्यात लिहा.