बेस कमी, म्हणून हेडफोन टाकाऊ?

नमस्कार. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: सेनहायझर एचडी ६०० या हेडफोनची मी लेखात केलेली भलामण म्हणजे जुन्या नावाची पूजा, १०० हर्ट्झच्या खाली, म्हणजे बेसमध्ये, त्याच्या आवाजाचा आलेख घसरतो, चांगला आवाज कसा असतो ते हार्मन या ऑडिओ कंपनीच्या संशोधनाने केव्हाच ठरवून टाकलंय, त्यामुळे माझ्या ‘मला आवडतं’ला काडीची किंमत नाही. शिवाय माझ्या नादाने तुमचे पैसे वाया गेले.

आलेख घसरतो, कबूल. १९९७ पासून विकला जाणारा हा ओपन-बॅक (मागून उघडा) हेडफोन खोल बेससाठी कधीच ओळखला जात नव्हता, आणि लेखात मी ते लिहिलंही होतं. प्रश्न एवढाच, की त्या घसरणीत बुडतं काय?

मी ऐकतो ते मुख्यतः ख्यालगायन. गायकाची पट्टी काळी एक धरा. त्याचा मध्य सा साधारण १३९ हर्ट्झवर, म्हणजे तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ वर. तुमच्या हिशोबाने ही तार एचडी ६०० वर अर्धमेली वाजायला हवी. तशी ती वाजत नाही. जवारी (तारेखाली दोरा सरकवून साधलेला झंकार) नीट लागलेली असली की तार घोडीच्या पसरट माथ्यावर घासत थरथरते आणि तिचा बराचसा जोर ६९ च्या दुप्पट, तिप्पट, चौपट अशा वरच्या पटींत जातो: १३९, २०८, २७७. खर्जातून गांधार डोकावतो तो पाचव्या पटीत, ३४७ च्या आसपास. हा सगळा भाग या हेडफोनच्या हातचा आहे. मूळ स्वर थोडा क्षीण असला तरी वरच्या पटींवरून कान तो भरून काढतो. फोनच्या टीचभर स्पीकरवरही पुरुषाचा आवाज पुरुषाचाच वाटतो तो म्हणूनच. डग्ग्याचा घुमारा मात्र जरा पातळ होतो, ते खरं. आणि ७८ आरपीएमच्या जुन्या तबकड्यांवरून उतरवलेलं गाणं असेल, तर बेस वाढवून गाणं भरदार होत नाही, घरघर तेवढी वाढते.

आता हार्मन. ‘चांगल्या आवाजा’चा त्यांचा आलेख आकाशातून पडलेला नाही. तिथल्या शॉन ऑलिव्ह आणि टॉड वेल्टी या संशोधकांनी माणसांना बसवून वेगवेगळे आवाज ऐकवले, बेस आणि ट्रेबल त्यांच्या हाताने कमी-जास्त करायला लावले, आणि बहुतेकांना जे रुचलं त्यावरून तो बेतला. त्याच कामात काहींना बेस याहून जास्त हवा होता नि काहींना कमी, असंही निघालं. म्हणजे माझ्या आवडीवर तोडगा म्हणून तुम्ही पुढे केलीत ती पुन्हा आवडच, फक्त पुष्कळ जणांची. कंपनीला हेडफोन बनवताना ती फार उपयोगी. मी संध्याकाळी काय ऐकावं, हे तिने का ठरवायचं?

मित्राच्या महागड्या अ‍ॅम्पवर (अ‍ॅम्प्लिफायरवर) ‘पडदा सरकला’ म्हणता, तिथे मात्र मला शंका आहे. हा हेडफोन ३०० ओहमचा, म्हणजे विजेला बराच अडवणारा. फोनच्या जॅकवर तो बहुधा हळू वाजतो, म्हणून अ‍ॅम्प घ्या म्हटलं होतं, तेही आवाज पुरेसा मोठा व्हावा म्हणून. दोन्हीकडचा आवाज मीटरने सारखा करून पुन्हा ऐका. किंचित मोठं वाजणारं मोठं न वाटता ‘चांगलं’ वाटतं, आणि कानांच्या या खोडीवर अख्खी दुकानं चालतात.

तुम्ही इलेक्ट्रॉनिक आणि हल्लीची सिनेमाची गाणी ऐकता, हे तुमच्याच प्रतिक्रियेत शेवटच्या ओळीत आलंय. त्या संगीतात ५० हर्ट्झच्या खालीच निम्मी मजा असते. तिथे एचडी ६०० कमी पडणारच. विकायच्या आधी एक करून बघा: फोनवरच्या एखाद्या फुकट इक्वलायझरमध्ये १०५ हर्ट्झवर लो-शेल्फ (त्याखालचा सगळा बेस उचलणारा फिल्टर) लावा, ४-५ डेसिबल चढवा, आणि आवाज फाटू नये म्हणून प्रीअ‍ॅम्प (एकूण आवाजाची पातळी) तेवढाच उतरवा. भागलं तर ठीक. नाहीच भागलं तर जाहिरात टाका. या हेडफोनला सेकंडहँड गिऱ्हाईक मिळायला वेळ लागत नाही. पुढचा घ्याल तो क्लोज्ड-बॅक (मागून बंद) घ्या, आणि दुकानात आपलीच गाणी लावून ऐका.