धुराचा वास

"चिकन बरं झालंय रे, पण धुराचा वास लागलाय. पुढच्या खेपेला जरा सांभाळ."

हे वाक्य शेजारच्या भाईंनी माझ्या परसात, माझ्या खुर्चीवर बसून, माझ्याच कोंबडीची तंगडी चघळत उच्चारलं. त्याला आज बारा दिवस झाले. या बारा दिवसांत आंघोळ करताना, गाडी चालवताना, एकदा तर बँकेच्या रांगेत उभं असताना मी त्यांना मनातल्या मनात एकाहून एक सरस उत्तरं दिली आहेत. त्या दिवशी समोर मात्र "बरं" म्हणालो होतो.

अहो, धुरावर मांस शिजवायचं यंत्र घरी बनवायचा सगळा खटाटोप त्या धुरासाठीच तर होता! एका अंगाला जाळाची पेटी, मधे आडवी टाकी, पलीकडच्या टोकाला धुराडं. जाळ मांसाच्या खाली नसतो, शेजारी असतो. गरम धूर टाकीतून आडवा वाहतो आणि 110 अंशांच्या आसपास मांस तासन्‌तास निवांत शिजत राहतं. तिकडे टेक्सासात लोक जुन्या नळांच्या आणि टाक्यांच्या असल्या भट्ट्या करतात आणि त्यात गाईच्या छातीचं मांस बारा-बारा तास ठेवतात. आमच्या घरात तो विषय काढायची सोय नाही, म्हणून कोंबडी. मी त्या यंत्राला स्मोकर म्हणत होतो. आई त्याला 'पाय फुटलेली न्हाणीची चूल' म्हणत होती. "आमच्या रांदणीवर काठीला टांगलेलं सगळं असंच व्हायचं," ती म्हणाली, "आणि फुकट."

फुकट नव्हतं, हे खरं. गॅसचा सिलिंडर वापरायचा नाही एवढं मी वाचून ठेवलं होतं. तो कंपनीच्या मालकीचा, आणि आत राहिलेल्या गॅसवर कापताना ठिणगी पडली तर कोंबडीच्या आधी आपणच भाजायचे. म्हणून फोंड्याच्या एका भंगारवाल्याकडून पंक्चरच्या दुकानातल्या कॉम्प्रेसरची टाकी उचलली. 48 किलो, दर 45 रुपये, झाले 2,160. घरी आणून खालची चावी उघडली तर आतून गंजाचं काळं पाणी आणि तेल असा चांगला बादलीभर ऐवज निघाला. तोही मी लोखंडाच्या भावानं घेतला होता.

वेल्डरनं टाकीचं दार कापलं आणि दारानं तिथल्या तिथे अंग चोरलं. गोल टाकीचा पत्रा कापला की त्यात अडकलेला ताण मोकळा होतो आणि पत्रा त्याच्या मनाला येईल तसा वाकतो. ठोकून ठोकून बसवलं तरी एका कोपऱ्यात करंगळी जाईल एवढी फट उरलीच. धुराड्याला तो जीआय, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेला, पाईप जोडायला निघाला होता. जस्त फार तापलं की त्याचा धूर अंगाला बाधतो, असं मी म्हटल्यावर तो पोऱ्याकडे बघून हसला. असं हसणं मी तीन महिन्यांत फार बघितलं. वीज जायची तेव्हा दोघंही हसायचे.

असो. आता भाई.

भाई निवृत्त आहेत. जत्रेच्या नाटकात त्यांनी वर्षानुवर्षं राजा केला, त्यामुळे घरात "पाणी आण" म्हणतानाही दरबार भरतो. त्या रविवारी सकाळी नऊला मी आंब्याची लाकडं पेटवली. सुरुवातीचा धूर पांढरा आणि दाट, त्यात कोंबडी ठेवली तर ती कडवट होते. हवा तो पातळ, निळसर धूर, आणि मी त्याची वाट बघत उभा होतो. तेवढ्यात मधल्या दगडी गडग्यावरून भाईंचं मुंडकं वर आलं.

"कितें रे हें?"

"स्मोकर, भाई."

"तू सिगरेट ओढायला लागलास?"

"नाही हो, या यंत्राचं नाव. यात चिकन करायचं."

"चिकन." भाईंनी डोळा मारला. "बरं बरं. चिकन."

इथे परगावच्या वाचकांसाठी थोडं थांबायला हवं. गोव्यात चैत्र-वैशाखात परसात जाळ, टाकी आणि नळी या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की चौथी गोष्ट ऊर्राकच, म्हणजे काजूच्या रसाची पहिल्या धारेची दारूच, असते. काजूच्या फेणीला 2009 साली भौगोलिक मानांकन मिळालं खरं. पण आपण भट्टीतले तज्ज्ञ आहोत, हे मानांकन इथल्या प्रत्येक पुरुषाला बारशालाच मिळालेलं असतं.

"परवाना काढलास?" भाईंनी आवाज खाली आणून विचारलं. राजाचा खाली आणलेला आवाज, चार घरांपलीकडे कुत्रं उठून बसलं.

"भाई, कोंबडीला कसला परवाना?"

यावर ते गडगा ओलांडून आलेच. हात मागे बांधून टाकीभोवती एक प्रदक्षिणा घातली.

"भाण कुठे?"

"भाण नाही."

"मग रस कशात उकळणार?"

"रस नाहीच आहे, भाई."

"आणि लावणी?" (लावणी म्हणजे वाफ थंड होऊन जमते ते मडकं.) त्यांनी धुराड्याकडे बोट केलं. "ही नळी वर कशाला काढलीस? वाफ खाली यायला हवी, थंड व्हायला हवी. अशी वर सोडलीस तर सगळी ऊर्राक देवाला." असं म्हणून ते घरी गेले, तांब्याभर पाणी घेऊन आले आणि माझ्या नव्या, अजून ऑइलपेंटचा वास जायचा होता अशा धुराड्यावर त्यांनी ते ओतलं. चर्र. रंगाचा एक पोपडा माझ्या चपलेवर पडला.

मग त्यांना तबकडी दिसली. दारावर मी तापमापक बसवला होता.

"एकशे दहा!" भाई दोन पावलं मागे सरले. "एकशे दहा ग्राव? फेणी विसाच्या आतबाहेर असते रे! माणसं मारायला बसलास काय?" ग्राव हे इथलं दारूच्या कडकपणाचं माप.

"ग्राव नाही भाई, सेल्सिअस."

"सेल्सिअसनं मेला म्हणून माणूस कमी मरतो?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही.

एव्हाना धूर निळा झाला होता आणि मी दोन कोंबड्या आत ठेवल्या होत्या. "धूर कमी झाला, फुंकणी आणू?" भाईंनी विचारलं. नको म्हटलं. आंब्याची लाकडं का, काजूची का नाहीत, असंही विचारलं. काजूच्या टरफलातल्या तेलानं कातडी सोलते म्हणून मी त्या झाडाच्या वाटेलाच गेलो नव्हतो, पण तेवढं सांगेपर्यंत त्यांची नजर दाराच्या फटीवर गेली होती. तिथून धुराचा बारीक झोत सुटत होता. "गळतंय," भाई म्हणाले. डॉक्टर म्हणतो तसं. मी काही बोलायच्या आत ते परसाच्या मागे गेले, रोयणीची, म्हणजे वारुळाची, माती आणली, पाण्यात मळली, तिच्यात नारळाच्या सोडणाचे तंतू घातले आणि दाराच्या कडेनं बोटांनी अशी सुबक बसवत गेले, की जणू गणपतीचं किरीट करताहेत.

पुढचं लिहिताना मला आनंद होत नाही. 85 ते 110 असा सकाळपासून झोके घेणारा काटा 112 वर जाऊन उभा राहिला तो हललाच नाही. तीन महिने, दोन वेल्डर, 900 रुपयांची उष्णतारोधक दोरी, आणि काम केलं ते वाळवीच्या घरानं.

"आता उघडायचं नाही," भाईंनी बजावलं. "भट्टी मधे उघडत नसतात."

उघडणार कसं? लिंपलेलं होतं. कोंबडीवर दर तासाला मसाल्याचं पाणी मारायचं माझं ठरलं होतं, ती बाटली मी हातात धरून दुपारभर बसलो.

चार वाजता फाटकातून चौघे आले. दोघांच्या हातात रिकाम्या बाटल्या, एकाकडे लिमका, एकाच्या शर्टाच्या खिशातून हिरव्या मिरच्यांचे देठ डोकावत होते. भाईंनी आमंत्रणं दिली होती. माती फोडण्याचा मान भाईंनीच घेतला. दार उघडलं, धूर बाजूला झाला आणि आत जुन्या पितळेच्या रंगाच्या, तुकतुकीत कातडीच्या दोन कोंबड्या दिसल्या. मी मांडीत सुई खुपसली. 76 अंश. 74 पुरतात. माझा गळा खरंच दाटून आला.

"चिकन?" मिरचीवाले म्हणाले. मयताच्या घरी विचारतात तेवढ्याच हळू.

"मी सकाळपासून तेच सांगत होतो."

"आम्हाला वाटलं, तू मस्करी करतोस," भाई म्हणाले, आणि तोंडावरची निराशा त्यांनी शक्य तेवढी आवरली. ऊर्राक अर्थातच त्यांच्या घरी होती. ती आली, मीठ आलं, मिरच्या चिरल्या गेल्या. तासाभरात दोन्ही कोंबड्या संपल्या. माझ्या वाट्याला एक मान आणि पाठीचा सांगाडा आला, आणि वर ते धुराच्या वासाचं वाक्य.

राग एकट्या त्या वाक्याचा नाही. टेंपोतून टाकी उतरवायची होती तेव्हा भाईंना रक्तदाब होता. मिरचीवाल्यांची कंबर धरली होती. 48 किलो मी आणि टेंपोच्या ड्रायव्हरनं उतरवले आणि माझं करंगळीचं नख गेलं, ते अजून पुरतं आलेलं नाही. आमच्या वाड्यावर माणूस काही उचलत असला की कोणी नसतं, काही बनवत असला की समिती भरते, आणि बनवून झालं की पंगत बसते. मेव्हण्यानं तर फोनवर विचारलं, "ओव्हन का नाही घेतलास?" त्याला मी अजून उलटा फोन केलेला नाही.

त्यानंतरच्या मंगळवारी वळवाची सर आली. भाई गडग्यावर. अंगणात भिंडांची, म्हणजे कोकमांची, सालं उन्हात घातलेली सगळी भिजली होती. "तुला ते यंत्र या आठवड्यात लागणार नाही ना?" मी "बरं" म्हणालो. हा शब्द माझ्या तोंडातून काढून टाकायला हवा. टाकी त्यांच्या मांगराच्या छपराखाली गेली. या वेळी उचलायला मिरचीवाल्यांसकट पाच जण होते. पाऊस आत जाऊ नये म्हणून धुराड्यावर करवंटी पालथी घातली. तबकडी काढून ठेवली, "उगाच घाबरायला होतं" म्हणून, आणि तिच्या भोकात चिंधी कोंबली.

आज सकाळी भाई बरणी घेऊन आले. आत सोलां, म्हणजे आमसुलं, काळीभोर, मऊ, मीठ अंगाला धरलेलं. झाकण उघडून त्यांनी ती माझ्या नाकाखाली धरली.

"वास घे. धुराचा आहे. बाजारात असली मिळायची नाहीत."

मी वास घेतला. आंब्याच्या लाकडाचा होता, अगदी मला हवा होता तसा. लाकडंही माझीच होती. टाकीबरोबर तीही नेली होती, ते मला तेव्हा कळलं.